भानाची वेळ

चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना शर्वरीनं शेगडी बंद केली आणि आईच्या हाताखालची परात अलगद बाजूला ओढली. हा त्या घरातला पहिला नियम. हलवा कोमट असला तरी परात चांगलीच तापलेली असते, आणि चार वाजले की आईचे हात जिथं असतील तिथंच थांबतात.

"अहो, काय करताय? आत्ता कुठं काटा धरायला लागलाय," आई म्हणाली. आवाज खणखणीत, चेहरा हसरा. बोटं अजून हवेत गोल गोल फिरत होती.

"जरा टेका उज्ज्वलाताई. मी बघते परातीकडं."

"बघाल, पण हात जड आहे तुमचा. रोज येता, पण शिकत नाही काही."

शर्वरी हसली. या वेळेतल्या आईच्या लेखी ती हलवा शिकायला येणारी कुणी बाई होती. सुरुवातीला ती "अगं आई, मी शरू" म्हणायची, तेव्हा आई बिचकून पदर सावरायची आणि कामच थांबायचं. मग शर्वरीनं नाद सोडला. आईला हाताच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, पट्टा लावला.

चार वाजले. आधी बोटं थांबली. मग कपाळावरच्या, गालांवरच्या रेषा एकेक करून निवल्या आणि चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. पापण्या हलेनात. डोळ्यांत मात्र कुणीतरी आलं.

"शरू," आई कुजबुजली. नेहमीसारखी, एका शब्दाला एक श्वास. "आज... काय केलं तिनं?"

"लवंगांवर काटा चढवला. कुहूला मांडीवर घेऊन गाणी म्हटली."

"सुरात?"

"छे. गळा तुझाच आहे."

"मग... ठीक," आई म्हणाली, आणि डोळे जरासे बारीक झाले. ते तिचं हसू. शर्वरीनं परात जमिनीवर ठेवली आणि खुर्चीच्या पायाशी फतकल मारून बसली. आता सहापर्यंत तिची आई घरात होती.

*

पार्किन्सन म्हटलं की लोकांना थरथरता हात दिसतो. उज्ज्वला पिंगळेंनाही तोच दिसला होता, आठ वर्षांपूर्वी. तीस वर्षं नाशिकमधल्या बाळांना आणि नव्या सुनांना संक्रांतीला त्यांच्या हातचे हलव्याचे दागिने जायचे. खसखशीवर, तिळावर, लवंगेवर चमचा चमचा पाक सोडत, मंद आचेवर बोटांनी परतत राहायचं. दोन-तीन दिवसांनी दाण्यावर काटा उभा राहतो. बोट थरथरलं की काटा मोडतो. नवरा गेल्यावर याच काट्यांवर त्यांनी शर्वरीला वाढवलं. त्यामुळे हात हलायला लागला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझा काटा मोडायला लागला गं."

हात ही फक्त सुरुवात होती. मेंदूच्या बुंध्याशी काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. तो डोपामीन नावाचं रसायन बनवतो आणि त्यावर शरीराची हालचाल चालते. या रोगात तिथल्या एका प्रथिनाची घडी चुकीची पडते, त्याचे गोळे जमतात आणि पेशी मरायला लागतात. पण चुकीची घडी तिथंच थांबत नाही, वर वर सरकते. मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी पेशींचं आणखी एक ठाणं आहे. तिथून ॲसिटिलकोलीन नावाचं दुसरं रसायन सगळ्या मेंदूला पोचतं. समोरचं माणूस कोण, आज वार कुठला, आपण स्वयंपाकघरात कशाला आलो, याचं भान त्या रसायनावर टिकतं. रोग तिथं पोचला की माणूस हळूहळू पुसट होतो.

"या दोघी जावा आहेत," डॉ. फरीदा इनामदारांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "एकीला जास्त दिलं की दुसरी रुसते. थरथर थांबवणारी जुनी औषधं दिली की विसराळूपणा वाढायचा. विसराळूपणाचं औषध दिलं की थरथर वाढायची. आम्ही डॉक्टर मधल्यामध्ये मार खाणारे दीर."

त्यावर उपाय म्हणून दुतारी आली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण दवाखान्यापासून घरापर्यंत सगळे तिला दुतारीच म्हणत. मेंदूत सोडलेल्या केसाएवढ्या दोन तारा, एक हालचालीच्या केंद्राला, एक भानाच्या ठाण्याला, आणि गळ्याच्या हाडाखाली त्वचेत बसवलेली चपटी पेटी. पेटी दर क्षणी मेंदूचं ऐकायची आणि लागेल तिथं लागेल तेवढा विजेचा ठोका द्यायची. पहिली दोन वर्षं सगळं जादूसारखं चाललं. आईनं त्या काळात आठ सुनांचे दागिने केले आणि त्यातल्या एकीच्या सासऱ्यांशी कडाडून भांडणही केलं.

तिसऱ्या वर्षी आईला हलव्यात मुंग्या दिसायला लागल्या. तिनं तीन दिवस राबून केलेली परात गॅलरीतून खाली ओतली. मग कोपऱ्यात उभी असलेली मुलं दिसायला लागली. "त्यांना खायला दे काहीतरी, केव्हाची उभी आहेत बिचारी," ती म्हणायची.

"पेशी कमी उरल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही तारा एकदम चालवल्या की ज्या वाटा दोघींना सामाईक आहेत तिथं गोंधळ उडतो. मेंदू नसलेलं दाखवायला लागतो. आता पाळी लावावी लागेल. एक वेळ हाताची, एक वेळ भानाची. हाताच्या वेळेत चालेल, खाईल, बोलेल, वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं सगळं करेल. पण माणसं ओळखणार नाही. भानाच्या वेळेत सगळं ओळखेल, पण शरीर साथ देणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. भानाच्या वेळेत गिळण्याचे स्नायूही झोपलेले असतात. पाणीसुद्धा द्यायचं नाही."

वेळापत्रक रुग्णानं स्वतः, भानात असताना ठरवायचं, असा कायदा होता. आईनं ठरवलं, चार ते सहा भान, बाकी सगळा वेळ हात. घरच्यांना अडीअडचणीला रिमोटवरून भान अर्धा तास वाढवायची सवलत होती.

"दोनच तास?" शर्वरीनं विचारलं होतं.

"आपल्याकडं... पाणीही... दोनच तास येतं," आई म्हणाली होती. "भरून घ्यायचं."

*

कुहूचा जन्म मार्चमधला. बाळंतपणासाठी आईकडं आलेली शर्वरी तिथंच राहिली, कारण आईला एकटं ठेवता येत नव्हतं आणि नवऱ्याची, निनादची, नोकरी पुण्याची. तो शनिवार-रविवार यायचा. दिवसभर मदतीला ठेवलेल्या शकूमावशी असायच्या, त्या आईची अंघोळ-वेणी बघायच्या. बाकी घरात एक रांगतं बाळ आणि पाळीपाळीनं येणाऱ्या दोन आया.

कुहूला त्यातली एकच आवडायची.

सकाळी हातातलं काम बाजूला ठेवून आई तिच्यामागं रांगायची. कुक करायची, गाल फुगवायची, नाकानं नाक घासायची. आपली नात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. कुणाचं तरी गोड पोर आहे एवढं पुरेसं होतं. कुहू खिदळून खिदळून उचकी लागेपर्यंत हसायची.

चार वाजता तीच कुहू तशीच रांगत खुर्चीपाशी यायची, आईच्या गुडघ्याला धरून उभी राहायची आणि वर बघायची. वर तो सपाट चेहरा, न लवणारे डोळे. कुहू क्षणभर वाट बघायची. मग खालचा ओठ बाहेर यायचा आणि ती भोकाड पसरायची.

एकदा अशीच ती रडली. शर्वरीनं तिला उचलून शकूमावशींकडं दिलं. परत येऊन बघते तर आईच्या एका डोळ्यातून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलेलं.

"आई, अगं लहान आहे ती. तू कशाला रडतेस?"

बराच वेळ गेला. आईचे शब्द आतून कुठूनतरी पायऱ्या चढत येत.

"रडत... नव्हते. मी... हसत होते. तिच्याकडं बघून."

 शर्वरीनं आईच्या गालावर हात ठेवला. आत हसणाऱ्या माणसाचा गाल थंडगार होता.

"तिचा... व्हिडिओ दाखव," आई म्हणाली.

शर्वरीनं फोन समोर धरला. सकाळचीच गंमत. आई डोक्यावर टॉवेल घेऊन बागुलबुवा झालेली, कुहू हसून आडवी पडलेली.

"छान... हसते गं ती," आई म्हणाली. "माझी मेलीची... सवत."

"अगं, तूच आहेस ती!"

"मी असते... तर मला... आठवलं असतं."

शर्वरीनं फोन बंद केला.  आई म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत... बोरन्हाण करता येतं. दागिने... होतील ना तिच्या हातून? मुकुटाला... तिळाचा हलवा घे म्हणावं. लवंग... टोचते बाळाला."

*

शर्वरीनं सवलतीचा अर्धा तास पहिल्यांदा वापरला तो सप्टेंबरमध्ये. कुहूला ताप होता, शर्वरीच्या डोळ्याला दोन दिवस धड डोळा लागला नव्हता आणि निनादशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगत होती, आई ऐकत होती, आणि सहा वाजत आले. शर्वरीनं रिमोट दाबला. साडेसहा.

"नको... वाढवूस," आई म्हणाली. "सहा म्हणजे... सहा."

"आजच गं."

पण आज म्हणता म्हणता ते होत गेलं. आईपणाचं पहिलं वर्ष असं असतं की माणसाला स्वतःची आई दिवसातून दोन तासांत पुरत नाही. दुसरी आई घरभर वावरत होती, हसत होती, बाळाला झोके देत होती. पण "तू चुकतेस" असं शर्वरीला सांगणारं माणूस फक्त चार ते सहा यायचं. त्या बाईला सगळंच छान वाटायचं. वरण खारट झालं तरी "अगदी फक्कड हो!" म्हणायची. आईनं आयुष्यात कधी शर्वरीच्या वरणाला फक्कड म्हटलं नव्हतं.

संक्रांतीला आठवडा होता. शर्वरीनं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तिळाची वडी केली. गूळ वितळवला, पाकाची गोळी पाण्यात टाकून पाहिली, कूट घातलं, पोळपाटाला तूप लावून थापली. वड्या पडल्या तेव्हा सहाला मिनिटभरच कमी होतं. तिनं रिमोट दाबला आणि ताटली घेऊन आईपाशी आली.

"बघ! मी केल्या."

आईचे डोळे ताटलीवर आले. "रंग... बरा आलाय."

"चव कशी आहे ते सांग ना."

"ती... सांगेल. साडेसहानंतर."

"ती काय, फक्कड म्हणेल. तिला पेंड दिली तरी फक्कडच म्हणेल. तू सांग."

या घरात केलेली पहिली वडी आईनं चाखल्याशिवाय कुणाच्या तोंडात जायची नाही. देवासमोर ठेवायची ती नंतर, आधी आईच्या जिभेवर. तीस वर्षांची ती सवय दोघींच्याही अंगात होती. शर्वरीनं वडीचा कोपरा मोडला. तिळाएवढा म्हणावा इतकाच. नंतर ती स्वतःला हजारदा सांगणार होती की नखाएवढासुद्धा नव्हता.

"नुसता जिभेवर ठेवते. गिळू नकोस."

आई बघत राहिली. तिनं नाही म्हणायला हवं होतं. तीही माणूसच. नऊ महिन्यांत भानात असताना तिच्या जिभेला कशाची चव लागली नव्हती.

"दे," आई म्हणाली. "एवढासा."

जिभेवर गूळ विरघळला. आईचे डोळे मिटले, आणि जन्मभराची एक साधी सवय, गोड लागलं की आवंढा गिळायची, झोपलेल्या स्नायूंतून अर्धीच जागी झाली.

खोकलासुद्धा आला नाही. खोकायला ताकद लागते. फक्त ओठ निळे पडत गेले. हाताची तार लागावी म्हणून शर्वरीनं रिमोट परत परत दाबला, शकूमावशींनी धावत येऊन आईला पुढं वाकवून पाठीत थापट्या मारल्या. शर्वरीनं फोन उचलला तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली होती. श्वास अडकल्याचं पेटीनं केव्हाच कळवलं होतं.

*

फुफ्फुसात गेलेल्या त्या कणानं न्यूमोनिया झाला. सहा दिवस कृत्रिम श्वास, मग तो निघाला. सातव्या दिवशी डॉ. इनामदारांनी शर्वरीला आपल्या खोलीत बोलावलं. समोर दुतारीची नोंद उघडी होती.

"अकरा वेळा," त्या म्हणाल्या. "शेवटची त्या दिवशीची."

शर्वरीनं नोंदीवरून नजर काढून घेतली.

"ऐक बेटा. तू अर्धे तास चोरलेस म्हणून रोग वाढला नाही. तो वाढतच होता. पण घास त्या अर्ध्या तासात अडकला, हेही खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी तुला एकच सांगितली तर दुसरी तुला झोपू देणार नाही."

"आता?"

डॉक्टरांनी पडद्यावरची मेंदूची प्रतिमा फिरवली. तळाशी, जिथं ठाणं होतं, तिथं जुन्या प्रतिमेत बोराएवढा उजळ ठिपका होता. आता मोहरीएवढा.

"पाळी संपली. आजारपणानं मेंदूचं फार नुकसान झालंय. रोजच्या अदलाबदलीचा झटका तिला सोसणार नाही. एकच तार ठेवता येईल, आणि ती कायमची. भानाची ठेवली तर नळीनं अन्न, अंथरुणाला खिळलेलं शरीर, आणि भान फार तर चार-पाच महिने. हाताची ठेवली तर चालेल, खाईल, तीन वर्षं, कदाचित चार. पण भान परत येणार नाही. चार वाजता नाही, कधीच नाही."

"कोण ठरवणार?"

"कायद्यानं तीच. उद्या एकदा, पाऊण तास, भानाची तार लावेन. शेवटची."

शर्वरी त्या रात्री घरी कुहूला पाजताना मनाशी भांडत होती. चार महिने. चार महिने खूप असतात. चार महिन्यांत कुहू चालायला लागेल, आईला ते कळेल. नळीचं काय, नळी तर लाखो लोकांना असते. आपण चोवीस तास बसू. आईला पटवू.

दुसऱ्या दिवशी चारला आईचे डोळे उघडले आणि त्यांत कुणीतरी आलं. नाकात नळी होती. आईनं शर्वरीकडं पाहिलं, मग छताकडं, मग परत शर्वरीकडं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, कॅमेरा चालू केला आणि त्या खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

शर्वरी वाट बघत बसली. एक मिनिट. दोन.

"वडीचा पाक..." आई म्हणाली, "पुढं गेला होता."

शर्वरीला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठीवर रडू. "आई! आता काय वडी..."

"विचारलंस ना. गोळी... लवकर काढायची."

"काढेन. आई, ऐक. आपण भानाची ठेवू. मी सगळं करीन. निनादला सुट्टी मिळतेय. तुला काही कमी पडू देणार नाही. नळीचं काही नाही गं, सवय होते."

आई बघत राहिली. तिच्या बघण्यातच उत्तर होतं, पण शर्वरीला ते घ्यायचं नव्हतं.

"हात," आई म्हणाली.

"कुहूसाठी म्हणतेस ना? तिला काही कळत नाही अजून! ती विसरून जाईल. मला कळतंय ना, मला तू हवी आहेस. तू मुद्दाम आमच्यासाठी..."

"गप," आई म्हणाली. तो शब्द मात्र एका दमात आला. मग पुढचे शब्द चढायला किती वेळ लागला. "तुमच्यासाठी... नाही. एवढी... चांगली नाही मी. दमले गं. सगळं कळतं... आणि बोट हलत नाही. पोर रडतं. मी रोज... चार वाजता येते... आणि विचारते, तिनं काय केलं. तिनं... तिनं. मला तिचा... हेवा वाटतो. मला... तिकडं जायचंय."

"पण तिकडं तू नसशील."

"नसू दे. मजेत तर... असेन."

शर्वरीनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिला धरू शकत नव्हता, पण सोडतही नव्हता.

"आणि माझं काय?" ती अगदी हळू म्हणाली. आपण तेहतीस वर्षांच्या आहोत, एका बाळाच्या आई आहोत, हे तिला ठाऊक होतं. तरी म्हणाली.

आईचे डोळे भरले. "तुझं... वाईट होणार," ती म्हणाली. "ते मला... टाळता येत नाही, शरू."

खिडकीपाशी डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"एक... कबूल कर," आई म्हणाली. "तिला... विचारू नकोस. 'मी कोण? ओळख बघू.' लोक विचारतात. म्हाताऱ्या माणसाची... परीक्षा घेतात. ती... नापास होईल. बिचारीचा... हात थांबेल. कुणाला विचारू... देऊ नकोस."

"नाही विचारणार."

"आणि बटण... तू नाही. डॉक्टरांना... दाबू दे. तुझं बोट... जन्मभर दुखेल."

पाऊण तासातली एकवीस मिनिटं उरली होती. शर्वरीला वाटलं होतं, एवढ्यात किती तरी बोलून घ्यावं. पण ती पलंगाच्या कडेला आडवी झाली, आईच्या खांद्याशी डोकं ठेवून. आईनं मध्येच विचारलं, कुहूचे दात आले का. शर्वरी म्हणाली, खालचे दोन आले, वरचा टोचतोय. आई म्हणाली, गाजर दे चावायला, गार. शर्वरी म्हणाली, बरं. तेवढंच.

डॉक्टर जवळ आल्या. आईनं डोळे मिटले नाहीत. ती शर्वरीकडं बघत होती, आणि शर्वरीनंही नजर हलवली नाही. म्हणूनच तिला ते दिसलं. आधी कपाळावर एक रेष आली. मग गाल सैल झाले, ओठांचे कोपरे वर गेले, आणि नऊ महिन्यांत भानाच्या वेळेत कधी न दिसलेलं हसू आईच्या चेहऱ्यावर उमटलं. पण तोवर डोळ्यांतून कुणीतरी निघून गेलं होतं.

"अगंबाई," आई उठून बसत म्हणाली, "मी आजारी होते की काय?"

*

बोरन्हाण रथसप्तमीच्या आदल्या दिवशी झालं. शर्वरीला करायचं नव्हतं. पण शकूमावशी म्हणाल्या, "दोन दिवस झाले, त्या पुन्हा परातीपाशी बसताहेत. कुणाचा तरी मुकुट राहिलाय म्हणतात." दागिने झाले होते. मुकुट, हार, वाळे, कंबरपट्टा. काटा असा की हात लावायला भीती वाटावी. मुकुटाला तिळाचा हलवा होता. शर्वरीनं तो निरोप रोज सकाळी दिला होता, कुणाचा ते न सांगता.

कुहूला काळं झबलं घातलं. सोसायटीतल्या बायका आल्या, त्यांची पोरं आली, पाटाभोवती गलका झाला. निनाद फोटो काढत होता. आई काठापदराची साडी नेसून सगळ्यांची विचारपूस करत होती. तिला कुणाचंच नाव ठाऊक नव्हतं, आणि कुणालाच ते जाणवत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या पाटणकरकाकूंनी मात्र न राहवून आईचा दंड धरला आणि शर्वरीकडं बोट दाखवलं. "काय उज्ज्वलाताई, ही कोण? ओळखा बघू..."

"काकू," शर्वरी मध्ये आली, "तुम्ही उसाचे करवे आणता का आतून? राहिलेच बघा."

काकू आत गेल्या. आईचा हात थांबला नव्हता. तिनं कुहूच्या गळ्यातला हार सारखा केला, दोन पावलं मागं सरून डोळे भरून पाहिलं, आणि मग बायकांच्या घोळक्यावरून नजर फिरवली, कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

"गोड आहे हो तुमचं बाळ," ती शर्वरीला म्हणाली. "पण पहिलं बोरन्हाण, आणि तुमची आई नाही दिसत कुठं?"

निनादनं कॅमेरा खाली घेतला.

"येऊन गेली," शर्वरी म्हणाली.

"न जेवताच?" आईचा चेहरा खरोखरीच उतरला. "अशी कशी जाऊ दिलीत?"

 शर्वरीनं नुसती मान हलवली. आईनं पुढं होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला, हलका, न थरथरणारा, कुठल्याही परक्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बरं, असू दे. घाईत असेल बिचारी," ती म्हणाली. "तुम्ही तरी जेवून जा."